खोटी सही आणि संस्कारांची काळजी

शाळेतून मुलाच्या खोटेपणाची तक्रार आली की बहुतेक पालक पुढे काय करायचे हे विचारण्याआधी ‘आमचे संस्कार कुठे कमी पडले?’ असे विचारतात. सातवीतल्या एका मुलीचे आईवडील हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. गणिताच्या चाचणीत कमी गुण मिळाल्यावर तिने उत्तरपत्रिकेवर वडिलांची सही स्वतःच केली होती आणि वर्गशिक्षिकांनी विचारल्यावर ‘बाबांनीच केली’ असे ठामपणे सांगितले होते. आज सही केली, उद्या आणखी काय करील, ही वडिलांची धास्ती होती. आई मात्र गोंधळली होती, कारण हीच मुलगी खेळात बाद झाली की कोणी सांगण्याआधी मैदान सोडते आणि सापडलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन देते.

आईचे हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना परीक्षेत, खेळात, घरच्या अभ्यासात आणि पैशांच्या बाबतीत लबाडी करण्याची संधी मिळेल अशा परिस्थितीत ठेवून पाहिले होते. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणीही फसवेलच असे त्यांना आढळले नाही. शिवाय चांगले काय आणि वाईट काय हे तोंडी सांगता येणे आणि प्रत्यक्षात तसे वागणे यांचा संबंधही क्षीण निघाला. म्हणून ‘ही खोटारडी आहे का?’ यापेक्षा ‘हिला नेमके कुठे खरे बोलता येत नाही?’ हा प्रश्न मी धरून ठेवला.

मुलीने उत्तर फार वेळ न घेता दिले. ‘बाबा ओरडत नाहीत, पण कमी गुण पाहिले की बोलतच नाहीत.’ शाळेत उत्तरपत्रिका देताना सर्वांचे गुण मोठ्याने वाचले जात, आणि वर्गाच्या भिंतीवर ‘नेहमी प्रामाणिक राहा’ असे लिहिलेले होते. अशा पाट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. सही मिळाली नाही तर काय करायचे, हे त्या पाटीवरून कोणत्याच मुलाला कळत नाही.

जबाबदारीतून तिला सोडवावे असे मी सुचवले नाही. तिने स्वतः वर्गशिक्षिकांना खरे सांगितले, चुकलेली गणिते पुन्हा सोडवली आणि त्याच उत्तरपत्रिकेवर वडिलांची खरी सही घेतली. मात्र वर्गासमोर उभे करून माफी मागायला लावू नये, अशी विनंती मी शाळेला केली, कारण त्यातून मुले बहुधा पुढच्या वेळी पकडले न जाण्याची काळजी घ्यायला शिकतात. शिक्षिकांनी गुण वाचून दाखवणे थांबवले आणि नियमही नेमका केला: गुण कितीही असोत, सही हवी, ती मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी येऊन तसे सांगायचे.

अवघड काम वडिलांच्या वाट्याला आले. वाईट बातमी ऐकल्यावर तोंडून निघणारे पहिले वाक्य आम्ही अक्षरशः सरावाने बसवले: ‘सांगितलेस ते बरे केलेस, आता कुठे चुकले ते पाहू.’ त्यांना हे लाड वाटत होते. खरे सांगितल्यावर आणि लपवल्यावर होणारा परिणाम सारखाच असेल, तर कोणतेही हुशार मूल लपवण्याचाच हिशेब करील, हे त्यांना पटायला वेळ लागला.

पुढच्या चाचणीची उत्तरपत्रिका, तीही कमी गुणांचीच, तिने त्याच संध्याकाळी वडिलांपुढे ठेवली. नंतर एकदा एका विषयाच्या गृहपाठाबद्दल ती पुन्हा खोटे बोलली. या वेळी वडिलांनी मला फोन करून ‘याच विषयाच्या तासाला असे का होते?’ असे विचारले, आणि आम्ही त्या तासाबद्दल बोललो. खोटे बोलणे घरी, शाळेत आणि मित्रांतही सर्वत्र पसरलेले असेल, महिनोन्महिने टिकत असेल किंवा त्याबरोबर इतरांना इजा करणे आणि चोरी हेही दिसत असेल, तर मात्र एवढ्यावर थांबू नये. बालमनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असे मी पालकांना सांगते.