उंदराला आधी हात ओळखू दे

प्रयोगशाळेत उंदरांच्या वागणुकीवर प्रयोग सुरू करते आहेस, पण पोहण्याच्या चाचणीची (उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ धडपडतो, किती वेळ नुसता तरंगतो ते बघायचं) एवढी घाई नको. पहिला आठवडा उंदीर नुसते हाताळ. शेपटीला धरून उचलू नकोस, ओंजळीत किंवा नळीत घे. नाहीतर तो भेदरतो आणि तू मोजतेस तो ताण तुझाच दिलेला असतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- उंदीर साधं पाणी जास्त पितो की साखरेचं, ते बघताना साखरपाण्याची बाटली रोज एकाच बाजूला. जागा बदलत राहा, नाहीतर आवड साखरेची की कोपऱ्याची, कळणार नाही.
- तीन कप्प्यांच्या पेटीत (उंदीर दुसऱ्या उंदराजवळ जातो का, ते बघायची पेटी) आधीच्या उंदराचा वास. दर वेळी पूस. (मी एकदा आळस केला, अख्खा दिवस वाया.)
- कुठला उंदीर प्रयोगाच्या कुठल्या गटातला हे माहीत असताना व्हिडिओवरून त्याचं वागणं मोजणं.

आणि त्या पोहण्याच्या चाचणीत (पोर्सोल्टची, १९७७ ची) उंदीर नुसता तरंगला, तर वहीत ‘उदास’ लिहू नकोस. ‘निश्चल, इतके सेकंद’, एवढंच.