व्हाउचरवरचा ‘ॲडव्हान्स’ हा शब्द जपून ठेवा

प्रश्न : मी सांगलीत राहते. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, अकरा वर्षं हेच काम करतेय. मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका प्रकाशकांनी चार पुस्तकांसाठी २४ चित्रं मागितली. चित्रामागे १,५०० रुपये ठरले. सुरुवातीला १२,००० मिळाले, बाकीचे पुस्तकं छापून आल्यावर देणार होते. करार केला नाही, सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. पुस्तकं येऊन सात महिने झाले, २४,००० रुपये अजून येणं आहे. वर त्यातलीच सहा चित्रं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापली, माझं नावही नाही. फोन केला तर म्हणाले, ‘पैसे दिलेत, चित्रं आमची.’ एका वकिलांनी नुसत्या नोटिशीचे ८,००० सांगितले. सरकारकडून मोफत वकील मिळतो म्हणतात, पण मिस्टर शिक्षक आहेत, आमचं उत्पन्न त्यात बसणार नाही. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण अडलंय ते तिथेच. उत्पन्नाची अट तुम्हाला लागूच नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल त्याची यादी आहे आणि त्यात ‘स्त्री’ हा वेगळा धरलेला हक्कदार आहे. तिचा नवरा शिक्षक असो, डॉक्टर असो, काही फरक पडत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांनाही उत्पन्न विचारलं जात नाही. मी वकील आहे, सोळा वर्षं जिल्हा न्यायालयात अशा मोफत वकिलांच्या पॅनेलवर काम करते. ‘आपण काही तेवढे गरीब नाही’ म्हणून आमच्या दारातून परत गेलेल्या बायका मी इतक्या पाहिल्यात की हे ठळक अक्षरांत छापा, असं मी संपादकांना सांगणार आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे साध्या कागदावरही अर्ज चालतो. जाण्याआधी विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज मंजूर झाला की वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकलांचा खर्च यातलं काहीही तुमच्यावर येत नाही. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. सचिव न्यायाधीशच असतात, त्यामुळे कळवायला कचरू नका.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. पॅनेलवरच्या वकिलांचा दिवस पोटगी, जामीन आणि अपघाताच्या दाव्यांत जातो. कॉपीराइटचं प्रकरण क्वचित हातात येतं. म्हणून हे काम केलेला कुणी पॅनेलवर आहे का, असं अर्जातच विचारा आणि सोबत एक पानी तारीखवार टिपण न्या : काम कधी मागितलं, दर काय ठरला, चित्रं कधी पाठवली, पैसे कधी आले, कॅलेंडर कधी दिसलं. असा एक कागद हातात आला की माझे दोन तास वाचतात.

आता तुमचे कागद. तुम्ही पाठवलेला व्हाउचरचा फोटो मी मोठा करून पाहिला. रेव्हेन्यू स्टॅम्पवर तुमची सही आहे आणि वर निळ्या शाईत लिहिलंय : ‘चित्रांचे मानधन, ॲडव्हान्स, रु. १२,०००/-’. हा एक शब्द त्यांच्याच माणसाने लिहिलाय. ॲडव्हान्स म्हणजे बाकी आहे, हे त्यांनी मान्य केलं. आणखी कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली तर ‘पूर्ण व अंतिम’ किंवा ‘सर्व हक्कांसह’ हे शब्द आहेत का ते आधी बघा. असतील तर सही करू नका, पैसे अडले तरी.

दुसरा मोलाचा कागद म्हणजे त्यांचा मेसेज : ‘ही चित्रं या चार पुस्तकांपुरतीच आहेत, म्हणून दर एवढा.’ तो का मोलाचा ते सांगते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम १७ आहे. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. प्रकाशकांचे वकील पहिलं हेच काढतील. तुमची बाजू इथेच नाजूक आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण ‘चार पुस्तकांपुरती’ म्हणजे उलट ठरलेलंच आहे, असं आपल्याला मांडता येतं. शिवाय या कलमात रेखाटनाचा उल्लेख नाही. त्या सहांपैकी दोन तुम्ही नुसत्या शाईच्या रेषांनी काढली आहेत, ती वकिलांना वेगळी दाखवा.

मालकी कुणाचीही ठरो, नाव तुमचंच राहतं. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही चित्रकाराचा नावावरचा अधिकार जात नाही, आणि कलाकृतीची मोडतोड करून त्याची अप्रतिष्ठा झाली तर दादही मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

व्हॉट्सॲपचं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं, ते वकील करून देतील. तोवर हा फोन विकू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट कापून नीटनेटके करू नका. मूळ चित्रांच्या मागे आता बसून जुन्या तारखा घालायचा मोह तर अजिबात नको. स्कॅन केलेल्या फायलींवर खऱ्या तारखा आहेतच.

क्रम असा धरा. आधी स्वतःच्या सहीचं साधं पत्र पोचपावतीसह पाठवा : रक्कम, तारखा, कॅलेंडरची सहा पानं, पंधरा दिवसांची मुदत. त्याला ८,००० रुपये लागत नाहीत. उत्तर आलं नाही तर प्राधिकरणाकडे जा आणि दाखलपूर्व प्रकरण (म्हणजे दावा घालण्याआधीचं) म्हणून लोकअदालतीत ठेवा असं सांगा. २४,००० रुपयांच्या वसुलीला मला ही वाट सगळ्यात बरी वाटते. तिथे तडजोड झाली तर निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. ते आलेच नाहीत तर मग दावा. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात घालता येतो, कलम ६२ ने ती सोय दिली आहे. म्हणजे सांगलीतच. पैशाच्या मागणीला तीन वर्षांची मुदत असते, ती फोनवरच्या ‘बघतो, करतो’मध्ये घालवू नका.

माझे वडील साताऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या उधारीच्या वहीत एका व्यापाऱ्याचं पान होतं, ११ पाट्या, निम्मे पैसे आलेले. ‘वकिलाला द्यायला पाटीच्या दुप्पट लागतील’ म्हणून ते कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. तो १९८२ चा काळ, मोफत वकिलाचा हा कायदाच नव्हता. वही माझ्याकडे आहे. तुमचं पत्र वाचताना ती काढून बसले होते.

प्रश्न : मी छायाचित्रकार आहे, नाशिक. पुरुष, खुला प्रवर्ग, उत्पन्न साडेचार लाख. म्हणजे मला काहीच नाही का?

उत्तर : मोफत वकील नाही. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. सल्ला मात्र मिळतो : गावच्या सामान्य सेवा केंद्रातून टेलि-लॉ योजनेखाली वकिलाशी बोलता येतं. विधी महाविद्यालयांच्या विधी साहाय्य केंद्रांतही विचारा. आणि तुम्ही उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) आजच करा, दादा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, फी मागणारी साइट दिसली तर बंद करा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत आणि असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी अशा थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची असू द्या, जुन्या बिलांवर वाद निघतो. फोटो पाठवताना ‘मिळाले’ एवढं उत्तर लेखी मागून घ्या, दिवस तिथून मोजले जातात.