बालवाडीच्या उंबरठ्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी ४ वर्षांची आहे, दोन महिन्यांनी बालवाडीत जाईल. १ ते १०० अंक धडाधड म्हणते. पण पेन्सिल मुठीत धरते आणि अक्षरं गिरवायला बसवलं की ५ मिनिटांत उठते. मागे पडेल का?

उत्तर : ४ वर्षांच्या मुलीने ५ मिनिटं बसणं पुष्कळ झालं. गिरवणं तूर्त थांबवा. मनगटात ८ छोटी हाडं असतात आणि या वयात त्यांतली बरीचशी अजून कूर्चाच असतात. बोटांतही जोर कमी. लांब, गुळगुळीत पेन्सिल निसटू नये म्हणून मूल मूठ आवळतं. तेव्हा मेहनत बोटांवर घ्या. मातीचे गोळे वळणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं आणि काढणं, ओला स्पंज पिळणं, रद्दी कागद फाडणं, असं काहीतरी रोज १० मिनिटं पुरे. खडू द्यायचा तर मुद्दाम तोडून, बोटाच्या पेराएवढा द्या. एवढ्याशा तुकड्याभोवती मूठ वळतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. कागद भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवला तर मनगटही योग्य बाजूला वळतं.

कात्री बोथट टोकाची घ्या. आधी २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचे एका कापात तुकडे, मग सरळ रेघेवरून कापणं. गोल सगळ्यात शेवटी. मुलगी डावखुरी असेल तर कात्रीही डावखुऱ्यांचीच हवी. नाहीतर पाती एकमेकींपासून फाकतात, कागद कापला न जाता मध्येच दुमडतो आणि मुलीलाच ‘जमत नाही’चा शिक्का बसतो.

आता अंक. १०० पर्यंत म्हणणं हे बडबडगीत पाठ असण्यासारखं आहे. ७ बटणं मांडा, मोजायला लावा आणि लगेच विचारा, “एकूण किती?” ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, तर शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. मग ३ ते ५ वस्तूंवरच थांबा. “सगळ्यांना एकेक चमचा ठेव” या कामातून ते लवकर कळतं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. पहिला आठवडा हसत गेला, आता दारातच रडतो. घरचे म्हणतात, नजर चुकवून निघून या.

उत्तर : चोरून निघू नका. एकदा असं झालं की खेळतानाही त्याचं लक्ष दाराकडे राहतं आणि दुसऱ्या दिवशी तो जास्तच बिलगतो. पहिल्या आठवड्यात नवलाई असते. हे आता रोजचंच आहे, हे दुसऱ्या आठवड्यात कळतं, म्हणून रडू उशिरा आलं. निरोप मिनिटभराचा ठेवा : मिठी, रोज तेच एक वाक्य, टाटा. “लवकर येते” याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. “डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की मी दारात असेन” हे कळतं. मग खरोखर वेळेवर दारात असा. निघाल्यावर रडणं ऐकून परत फिरलात, तर जोरात रडलं की आई येते, एवढंच तो शिकेल. आपण गेल्यावर तो किती वेळात शांत होतो, हे बाईंना विचारा. बहुतेक मुलं काही मिनिटांत रमतात. सुट्टीनंतर रडू परत येईल, ते धरून चाला. महिना उलटूनही तो शाळेत दिवसभर रडत असेल, खाणं किंवा झोप बिघडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : घरी शू सांगणारी मुलगी शाळेतून ओल्या कपड्यांत येते. डबाही तसाच परत येतो.

उत्तर : अडचण बऱ्याचदा बटणाची आणि झाकणाची असते. कमरेला इलॅस्टिक असलेले कपडे द्या. बेल्ट, पट्टे नकोत. घरी एकदा हाताची घडी घालून नुसतं बघा : कपडे खाली करणं, पुढून मागे पुसणं, कपडे वर ओढणं, साबणाने २० सेकंद हात धुणं. जिथे अडते तेवढंच शिकवा. अनोळखी संडास किंवा फ्लशचा आवाज यांना घाबरूनही मुलं शू रोखतात. शाळा सुरू होण्याआधी ती जागा दाखवून आणा. जळजळ किंवा बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर गाठा. डबा एकच, तिला स्वतःला उघडता येणारा. शाळेतल्या सुट्टीएवढ्या वेळाचा गजर लावून घरी चार दिवस त्यातच जेवू द्या.

प्रश्न : झोप किती हवी? आणि मुलगा रोज एकच पुस्तक वाचायला लावतो, चालेल?

उत्तर : ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह २४ तासांत १० ते १३ तास. उठण्याची वेळ बदलायची तर दर ३–४ दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, झोपण्याचीही तेवढीच. पुस्तक खुशाल तेच वाचा, फक्त ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. तो शब्द त्याला म्हणू द्या.