‘रिकामा स्ट्रक्ट’ की ‘बिनफील्डचा’?

नाशिकच्या एका शिक्षकांनी विचारलंय: गो ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवताना ‘एम्प्टी स्ट्रक्ट’ला (स्ट्रक्ट म्हणजे फील्डांचा, माहितीच्या कप्प्यांचा, संच; यात एकही फील्ड नसतं) ‘रिकामा’ म्हणावं की ‘पोकळ’? आणि असा स्ट्रक्ट इंटरफेस (हव्या असलेल्या मेथडची, म्हणजे टाइपला जोडलेल्या फंक्शनांची, यादी) ‘राबवतो’ म्हटलेलं चालेल का?

‘पोकळ’ आधी बाद करू. पोकळ वासा, पोकळ आश्वासन: बाहेरून भरीव दिसावं आणि आत काही नसावं, तिथला हा शब्द. आपल्या स्ट्रक्टला बाहेरचा डौलही नाही.

‘रिकामा’ चूक नाही, पण मुलं फसतात. सीबीएस बसस्थानकावर गाडीत चढून ‘सीट रिकामी आहे का?’ विचारणारा उत्तराआधीच पिशवी टेकवतो. रिकाम्यात भरायची सोय गृहीतच असते. स्लाइसला, म्हणजे गोमधल्या वाढत्या यादीला, खुशाल रिकामी म्हणा, तिच्यात पुढे ॲपेंड करता येतं, भर घालता येते. या स्ट्रक्टमध्ये फील्डच नाही, तर भरणार कुठे? मेमरीत किती जागा लागते ते अनसेफ पॅकेजच्या साइझऑफ फंक्शनला विचारा, ० सांगेल. शिवाय ज्याची फील्डं आहेत पण अजून भरायची आहेत, तो स्ट्रक्टही मुलांना ‘रिकामा’च वाटणार, आणि तो तर जागा खातो.

म्हणून माझं मत ‘बिनफील्डचा स्ट्रक्ट’ला. बिनव्याजी, बिनतिकीट, बिनसाखरेचा... ‘बिन’ आपला-परका बघत नाही. रिकाम्याला चिकटलेला रिकामटेकडेपणाही टळतो, कारण हा गडी कामाचा आहे. त्याला टाइपचं नाव दिलं की मेथड जोडता येतात. आयओ पॅकेजातला डिसकार्ड बघा: त्याच्या टाइपात फील्ड एकही नाही, पण राइट मेथड आहे. आलेले बाइट टाकून देतो आणि वर ‘सगळे लिहिले, एरर नाही’ असं कळवतो! लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) नको असतील तिथे रायटर, म्हणजे राइट मेथड मागणारा इंटरफेस, म्हणून हाच देतात. बिनपगारी, फुल अधिकारी.

‘राबवणे’ मात्र नको. योजना राबवतात, मोहीम राबवतात. काय राबवतोय ते राबवणाऱ्याला ठाऊक असतं. गोमध्ये टाइपला इंटरफेसचं नावही घ्यावं लागत नाही, जावातल्यासारखं ‘इम्प्लिमेंट्स’ लिहायचं नसतं. मेथडची नावं, त्या काय घेतात नि काय परत देतात, एवढं जुळलं की झालं. कसोटीला उतरतात तसं ‘डिसकार्ड रायटरला उतरतो’ म्हणा. बोलताना ‘इम्प्लिमेंट करतो’ तोंडात आलं तर येऊ द्या, फळ्यावर ‘उतरतो’ लिहा.

आणि हो, ‘एम्प्टी इंटरफेस’लाही रिकामा म्हणू नका. त्याच्यात मेथडच नाही, म्हणून झाडून सगळे टाइप त्याला उतरतात. २०२२च्या १.१८ आवृत्तीपासून त्याला ‘एनी’ हे नाव मिळालंय, तेच वापरा.