सगळं आहे, मग समाधान का नाही?

‘नोकरी आहे, घरी कुरकुर नाही, मित्र आहेत. तरी काहीतरी चुकतंय.’ तेवीस वर्षांचा मुलगा, समुपदेशनाची पहिली भेट. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विशीतल्या अनेकांची तक्रार याच शब्दांत येते.

त्याला मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची जीवन-समाधान श्रेणी भरायला दिली. पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. बेरीज १६ आली, म्हणजे मध्यबिंदू २०च्या थोडी खाली. पण नुसत्या बेरजेवर थांबलं की हाती काही लागत नाही. ‘महत्त्वाच्या गोष्टी मिळाल्या’ याला ५, ‘परिस्थिती उत्तम आहे’ यालाही ५. ‘समाधानी आहे’ याला ३, ‘आयुष्य माझ्या आदर्शाजवळ आहे’ याला २ आणि ‘पुन्हा जगायला मिळालं तर फारसं बदलणार नाही’ याला चक्क १.

‘हा आदर्श कुणाचा?’ असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘दादाचा.’

पुढचा आठवडा नोंदींचा. दर दोन तासांनी काय केलं, त्यात आनंद किती आणि ‘जमलं’ असं किती वाटलं, दोन्हींना ० ते १० गुण. पहिल्या खेपेला त्याने सगळं रविवारी रात्री आठवून भरलं आणि वही वाया गेली. उदास मनाला अख्खा आठवडा उदासच आठवतो. दुसऱ्या खेपेला नोंदी जागच्या जागी केल्या, तेव्हा चित्र दिसलं: कामात ‘जमलं’ ६, आनंद २, रात्री ओळखीच्यांचे फोटो चाळण्यात दोन्हीकडे १, जुन्या मित्राबरोबर पायी फिरण्यात आनंद ८, पण आठवड्यात एकदाच.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत माणसाच्या तीन मानसिक गरजा आहेत: स्वतः निवडल्याची भावना, जमतंय ही भावना आणि आपुलकीची नाती. याची दुसरी भागत होती, पहिली आणि तिसरी उपाशी होत्या. त्याला लगेच राजीनामा द्यायचा होता, तो थांबवला. त्याऐवजी फिरणं आठवड्यातून तीनदा, वेळ आधीच ठरवून. शिवाय कुणालाही न विचारता निवडलेली एक गोष्ट, रोज अर्धा तास. त्याने सुतारकाम निवडलं.

हे करण्याआधी एक चाळणी लावावीच लागते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर भागवू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. इथे तसं नव्हतं.

सहा आठवड्यांनी बेरीज २१. ‘आदर्शाजवळ आहे’ याला २ वरून ४, ‘फारसं बदलणार नाही’ याला १ वरून ३. नोकरीचं अजून ठरलेलं नाही. पण आता तो दादाचं नाव न काढता त्याबद्दल बोलतो.