वाचकांचे प्रश्न : साप्ताहिक सुट्टीवरचा पोलीस आणि खात्याची शिस्त

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीत एक पोलीस शिपाई भाड्याने राहतात. गेल्या महिन्यात त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास गाडी लावण्याच्या जागेवरून त्यांचे आमच्या वॉचमनशी भांडण झाले. ते साध्या कपड्यांत होते आणि बहुधा प्यायलेले होते. त्यांनी वॉचमनच्या थोबाडीत मारली, खिशातून ओळखपत्र काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरले आणि ‘उद्या ठाण्यात आणून आत टाकतो’ असे म्हणाले. पोलीस ठाण्यात अदखलपात्र तक्रार नोंदवून घेतली गेली आणि ‘एकाच बिल्डिंगमध्ये राहता, मिटवून घ्या’ असा सल्ला मिळाला. ते ड्युटीवर नव्हते, त्यामुळे खाते काही करू शकत नाही, असे आमच्या सेक्रेटरींचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?

उत्तर : सेक्रेटरींचे म्हणणे बरोबर नाही, पण हा समज इतका पसरलेला आहे की पोलीस ठाण्यातले काही जणही तो खरा धरून चालतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 28 सांगते की जो पोलीस अधिकारी रजेवर नाही किंवा निलंबित नाही, तो या अधिनियमाच्या सर्व प्रयोजनांसाठी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल, आणि या अधिनियमाच्या भाषेत शिपाईसुद्धा ‘पोलीस अधिकारी’च असतो. साप्ताहिक सुट्टी म्हणजे रजा नव्हे. त्या दिवशी बंदोबस्तासाठी फोन आला तर त्याला जावेच लागते. यावर कोणी विचारील की तो मंजूर रजेवर असता तर काय झाले असते? तरीही तो सुटला नसता, कारण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 3 प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याने सचोटी आणि कर्तव्यपरायणता नेहमीच राखायची असते आणि आपल्या पदाला न शोभणारी कोणतीही गोष्ट करायची नसते. हा नियम घड्याळ आणि हजेरीपट पाहून लागू होत नाही. माणूस शासनाच्या सेवेत आहे तोवर तो त्याला बांधलेला असतो.

आपल्या पत्रात आपण थपडेवर भर दिला आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब ओळखपत्राची आहे. साध्या कपड्यांतल्या शेजाऱ्याने वॉचमनला मारले, एवढेच घडले असते तर ते दोन नागरिकांमधले भांडण ठरवून बाजूला सारण्याचा प्रयत्न झाला असता. ज्या क्षणी त्याने ओळखपत्र पुढे केले आणि ‘आत टाकतो’ म्हटले, त्या क्षणी त्याने स्वतःच खाते त्या भांडणात ओढून आणले, आणि ‘ती माझी खासगी बाब होती’ हा बचाव त्यानंतर त्याच्याकडे उरत नाही. तक्रारीत ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात, त्याच्या तोंडच्या शब्दांसह आली पाहिजे.

दारूच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा, असे मी सुचवीन. त्या रात्री वैद्यकीय तपासणी झालेली दिसत नाही. नुसता तोंडाला येणारा वास, झोकांड्या जाणे आणि असंबद्ध बोलणे यांवरून दारूचे सेवन सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी प्रकरणात 1971 मध्ये सांगितले होते. विभागीय चौकशीत पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते, हे खरे. पण ‘प्यायलेला होता’ हा आरोप आपण मध्यभागी ठेवला तर बचाव सहायक, म्हणजे चौकशीत कर्मचाऱ्याची बाजू मांडणारा, सारी उलटतपासणी त्याच एका मुद्द्यावर करील आणि थप्पड व धमकी बाजूला पडतील. ‘तोंडाला दारूचा वास येत होता’ एवढे एकच वाक्य लिहावे आणि पुढे जावे.

मी सेवेत असताना अशाच एका प्रकरणात चौकशी अधिकारी होतो. बिलावरून झालेल्या वादात एका पोलीस नाइकाने ढाब्यावरच्या पोऱ्याला मारल्याचा आरोप होता. मालकाची तक्रार चार पानी होती; त्यात ‘माजलेला’, ‘गुंड’, ‘खात्याला काळिमा’ असले शब्द ठासून भरले होते, आणि नेमके काय घडले ते मात्र दीड ओळीत उरकले होते. साक्षीला आलेला पोरगा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. समोर इस्त्रीच्या गणवेशात अपचारी कर्मचारी, म्हणजे ज्याच्यावर आरोप होता तो नाइक. ‘साहेब, अंधार होता, मला काही नीट दिसलं नाही’ असे तो दोनदा म्हणाला. मी आरोपाचा विषयच सोडला आणि त्याला विचारले की त्यांनी जेवायला काय मागवले होते. तेव्हा तो भराभर सांगू लागला : अंडाभुर्जी, पाच रोट्या, बिल झाले एकशे ऐंशी, आणि त्यांनी कार्ड काउंटरवर असे आपटले की त्याचा कोपराच उडाला. मी नाइकाला ओळखपत्र टेबलावर ठेवायला सांगितले. वरच्या उजव्या कोपऱ्याला सेलोटेप लावलेली होती. पुढे दोषसिद्धीचा माझा निष्कर्ष त्या सेलोटेपवर आणि पोराच्या जबाबावर उभा राहिला. मालकाच्या चार पानांचा काडीइतका उपयोग झाला नाही.

म्हणून आपली तक्रार दीड पानाची असावी. तारीख, वेळ, जागा, कोण कुठे उभे होते, कोणते शब्द उच्चारले गेले आणि कोणी पाहिले, इतकेच त्यात यावे. ती शहरात राहत असाल तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना, ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षकांना उद्देशून द्यावी, आवक शिक्का मारलेली पोच घ्यावी, आणि प्राथमिक चौकशी संबंधित ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी अशी स्पष्ट विनंती तीत करावी. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण आजच्या आज वेगळे काढून ठेवा, कारण पुष्कळशा यंत्रांत पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवे चढते आणि आपली घटना आधीच महिन्याभरापूर्वीची आहे. चित्रण ज्याने काढून दिले त्याच्याकडून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रही घ्यावे; विभागीय चौकशीत त्यावाचून अडेलच असे नाही, पण न्यायालयात गेलात तर ते मागितले जाईल. वॉचमनचा गावाकडचा पत्ताही टिपून ठेवा. चौकशी सुरू होईपर्यंत नोकरी सोडून गेलेला साक्षीदार हे अशा प्रकरणांचे नेहमीचे दुखणे आहे.

अदखलपात्र नोंद झाली म्हणजे सारे संपले, असे समजू नये. थप्पड मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खाली अपराध आहे, त्याला एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि धमकीसाठी कलम 351 स्वतंत्रपणे आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना करता येत नाही. मात्र वॉचमनला स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करता येते. पार्किंगवरून थप्पड मारणे हे सरकारी कर्तव्य नव्हे, त्यामुळे लोकसेवकांवरील खटल्यासाठी लागणाऱ्या पूर्वमंजुरीचे संरक्षण अशा कृत्याला मिळू नये. फौजदारी प्रकरण आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा ‘कोर्टाचे काय होते ते पाहू’ या उत्तरावर आपण गप्प बसण्याचे कारण नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचाही मार्ग आहे, पण त्याचा रोख कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा गंभीर बाबींवर आहे. एका थपडेसाठी खात्याचाच मार्ग जवळचा.

शिक्षेबद्दल मात्र अवास्तव अपेक्षा ठेवू नका. प्राथमिक चौकशीत तथ्य आढळले तर कसुरी अहवाल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कसुरीचा अहवाल, वरिष्ठांकडे जातो आणि त्यावरून कारणे दाखवा नोटीस किंवा रीतसर दोषारोपपत्र निघते. शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, 1956 लागू होतात, आणि त्यांत ठपका, जादा कवायत, एका महिन्याच्या वेतनापर्यंतचा दंड आणि वेतनवाढ रोखणे यांपासून पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फीपर्यंत शिक्षा आहेत. आपल्या प्रकरणात, पूर्वीचे काही नसेल तर, एक किंवा दोन वेतनवाढी रोखल्या जाण्याची शक्यता मला अधिक वाटते. ही शिक्षा ऐकायला किरकोळ वाटते. मूळ वेतन तीस हजार असलेल्या माणसाची एक वेतनवाढ तीन टक्के दराने दरमहा नऊशे रुपयांची, अधिक त्यावरचा महागाई भत्ता. आणि ती ‘पुढील वेतनवाढींवर परिणाम होईल’ अशा शब्दांत रोखली गेली, तर ते नुकसान निवृत्तिवेतनापर्यंत त्याच्या मागे येते. निलंबन किंवा नियंत्रण कक्षात जमा होणे (नेहमीच्या नेमणुकीवरून काढून तिथे बसवले जाणे) याला मात्र लोक शिक्षा समजतात, आणि बातम्यांतही तसेच येते. त्या दोन्ही तात्पुरत्या व्यवस्था आहेत, आणि वर्तमानपत्रात निलंबनाची बातमी छापून आल्यावर मूळ चौकशीचा पाठपुरावा सुटतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

राहिला प्रश्न ‘मिटवून घ्या’ या सल्ल्याचा. वॉचमनला खरोखरच माफी मान्य असेल तर तो त्याचा अधिकार आहे. पण ती माफी ठाण्यातल्या टेबलासमोर, चार गणवेशांच्या मध्ये उभे राहून त्याने मान्य केलेली असेल, तर तिला मी संमती म्हणणार नाही.

प्रश्न : मी स्वतः पोलीस हवालदार आहे. अर्जित रजेवर गावच्या जत्रेला गेलो असता पालखीच्या मानावरून दोन भावक्यांत बाचाबाची झाली, त्यात मीही ओढला गेलो. गुन्हा दाखल नाही, पण कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून अधीक्षक कार्यालयात पाठवले, आणि मला ‘खात्याची प्रतिमा मलिन केली’ अशी कारणे दाखवा नोटीस आली आहे. आम्हाला खासगी आयुष्य नाही का?

उत्तर : आहे, आणि ते जपले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण मंजूर रजेवर होता, त्यामुळे कलम 28 आपल्याला लागू होत नाही, हा मुद्दा उत्तरात जरूर घ्या; मात्र वर सांगितलेला वर्तणूक नियम 3 उरतोच, हे लक्षात ठेवूनच तो घ्या. खरा प्रश्न असा आहे की त्या चित्रणात आपण काय करताना दिसता. हात सोडवत असाल, मध्ये पडत असाल, तर ‘प्रतिमा मलिन’ हे शब्द पोकळ आहेत, कारण कोणत्या कृतीने ती मलिन झाली हे नोटिशीत सांगितलेच पाहिजे. तिथे आपण आपल्या हुद्द्याचा उल्लेख करून कोणाला दम दिला असेल, तर मात्र बचाव अवघड आहे.

उत्तर घाईने पाठवू नका, पण मुदतही चुकवू नका. आधी लेखी अर्ज करून चित्रणाची संपूर्ण प्रत आणि ज्या तक्रारीवरून नोटीस निघाली त्या तक्रारीची प्रत मागा. वीस सेकंदांच्या तुकड्यावरून उत्तर देणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे. आपल्या सेवापुस्तकातील जुन्या कसुरींचा आधार घेऊन शिक्षा वाढवायची असेल तर त्या नोटिशीत आधी सांगाव्या लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 पासून सांगितलेले आहे. प्रकरण विभागीय चौकशीपर्यंत गेलेच तर बचाव सहायक घ्या, आणि चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी मिळाली पाहिजे, हा 1993 च्या निकालाने मिळालेला हक्क सोडू नका. शिक्षा अन्यायाची वाटली तर आधी खात्यांतर्गत अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. न्यायाधिकरण शिक्षा सहसा बदलत नाही, ती धक्कादायक वाटावी इतकी विषम असेल तरच हात घालते. कार्यपद्धतीतली चूक मात्र ते बारकाईने पाहते.

‘बाकीचेही होते, मलाच का’ हे वाक्य उत्तरात लिहू नका. ते खरे असले तरी त्याचा अर्थ कबुली असा लावला जातो.

प्रश्न : पोलीस कर्मचाऱ्याविरुद्धच्या माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली हे माहितीच्या अधिकारात विचारले, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. तक्रारदारालाही कळू नये?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या एका निकालानुसार कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश या त्याच्या सेवेच्या बाबी असून त्या वैयक्तिक माहितीत मोडतात, म्हणून आपला अर्ज त्या शब्दांत असेल तर नकार अपेक्षितच होता. हा निकाल तक्रारदाराच्या बाजूने फार कोरडा आहे, असे मला आजही वाटते. नवा अर्ज कर्मचाऱ्याबद्दल करू नका, स्वतःच्या तक्रारीबद्दल करा : अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे पाठवला, प्राथमिक चौकशी कोणत्या तारखेला पूर्ण झाली, अर्ज निकाली काढला असल्यास कोणत्या तारखेला, आणि माझ्या स्वतःच्या जबाबाची प्रत द्यावी. नकार आल्यास तीस दिवसांत पहिले अपील करा, आणि त्याला मूळ तक्रारीची आवक शिक्का असलेली प्रत जोडायला विसरू नका.