ट्रान्सफरन्सची कल्पना फ्रॉइडने प्लेटोकडून घेतली का? ग्रीक तत्त्वज्ञानाशी तिचा संबंध काय?

घेतली नाही. ती त्याला पेशंटांनी शिकवली. लहानपणी आईवडिलांविषयी वाटलेलं प्रेम, राग, भीती पेशंट नकळत समोरच्या डॉक्टरवर लादतो, तो ट्रान्सफरन्स. १९०५ साली छापलेल्या 'डोरा'च्या केसमध्ये मुलगी उपचार अर्धवट सोडून गेली, आणि ट्रान्सफरन्स आपल्याला वेळेत हाताळता आला नाही, असं फ्रॉइडने स्वतःच लिहून ठेवलंय. प्लेटोच्या 'इरॉस'चा, म्हणजे प्रेमाच्या कल्पनेचा, दाखला तो देतो, पण लैंगिकतेचा व्यापक अर्थ समजावताना.

दोन्हींची गाठ खरी मारली ती जाक लाकान या फ्रेंच मनोविश्लेषकाने. १९६०-६१च्या पॅरिसमधल्या व्याख्यानांचा विषय ट्रान्सफरन्स, आणि त्यातला मोठा भाग प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादावर! प्रसंगच तसा आहे. अॅगॅथॉनच्या नाटकाला बक्षीस मिळालंय, मेजवानीत प्रेमावर भाषणं झालीयत, आणि अथेन्सचा राजकारणी अल्सिबायडीस झिंगून आत घुसतो. प्रेमाची नाही, सॉक्रेटिसची स्तुती करायला लागतो. हा माणूस म्हणे सायलेनस या ग्रीक पुराणातल्या बेढब म्हाताऱ्याच्या मूर्तीसारखा: बाहेरून कुरूप, उघडली तर आत देवांच्या प्रतिमा. ते आतलं धन मिळावं म्हणून हा देखणा तरुण एका रात्री सॉक्रेटिसच्या पांघरुणात शिरला होता. काहीच घडलं नाही. वडिलांशेजारी किंवा थोरल्या भावाशेजारी झोपून उठावं तसा मी उठलो, असं तो सांगतो. (वडीलच का आठवावेत? फ्रॉइड वाचलेल्याला इथे हसू येतंच.)

सॉक्रेटिस त्याला म्हणाला होता, तू पितळ देऊन सोनं मागतोयस. पण नीट बघ, कदाचित माझ्याजवळ काहीच नसेल. अॅनालिस्टची, म्हणजे मनोविश्लेषकाची, अवघड जागा हीच. पेशंटला वाटतं की याच्याकडे माझं उत्तर आहे. ते कबूल करायचं नाही, आणि पेशंटला झिडकारायचंही नाही. मेजवानीत सगळं ऐकून घेतल्यावर सॉक्रेटिस एवढंच म्हणतो, की ही सगळी बडबड अॅगॅथॉनसाठी होती, आमच्यात भांडण लावायला. आपल्याकडे रोखलेली अल्सिबायडीसची इच्छा खरं तर कुठे चाललीय, ते सॉक्रेटिसने दाखवलं. लाकान याला चक्क अॅनालिस्टचं 'इंटरप्रिटेशन' मानतो, म्हणजे पेशंटच्या बोलण्यामागचा दडलेला अर्थ उलगडणं.

मला हे वाचन आवडतं, पण सॉक्रेटिसला पहिला अॅनालिस्ट ठरवणं जरा जास्तच होतं. चारचौघांत, दारूच्या बैठकीत टाकलेलं ते वाक्य. त्यानंतर त्यावर काम कोणी केलं? अल्सिबायडीस तर इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर गेला, देवनिंदेच्या खटल्यासाठी परत बोलावल्यावर वाटेतून पळाला आणि थेट शत्रूच्या, स्पार्टाच्या गोटात जाऊन बसला.